जेनेटिक्सला ऑनर्स घेऊ का, ताई?

या महिन्यात चौथ्या वर्षाबद्दल आणि जेनेटिक्सबद्दल, म्हणजे आनुवंशशास्त्राबद्दल, बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीत. मी बॉटनी शिकवली, जेनेटिक्सची प्रॅक्टिकलं बरीच वर्षं घेतली, हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरत नाही, त्यामुळं उत्तरं लांबलीत.

प्रश्न: ताई, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, बॉटनी मेजर. कागल तालुक्यातून रोज एसटीनं कोल्हापूरला येते. आमच्या कॉलेजात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे आणि त्यात जेनेटिक्सचे पेपर घेता येतात, सर म्हणतात तू घे. पण मला प्रॉब्लेम्सची भीती वाटते, लिंकेजची गणितं डोक्यावरून जातात, अकरावीतच मॅथ्स सोडलेलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि इथं सगळी पुस्तकं इंग्लिश. वडील ऊस करतात, ते म्हणतात तीन वर्षांत डिग्री मिळतेय तर चौथं कशाला. आई म्हणते स्थळं बघायला घेऊया. काय करू?

उत्तर: बाळा, आधी गणिताचं बघूया कारण अर्धं पत्र त्याच भीतीनं भरलंय. तू ज्याला गणित म्हणतेस त्यात कॅल्क्युलस नाही, ट्रिग्नॉमेट्री नाही, ते नुसतं मोजणं आहे आणि मोजल्यावर विचार करणं. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गनच्या फळमाशांचं एक उदाहरण बऱ्याच पुस्तकांत असतं, तेच घे. राखाडी अंग आणि नॉर्मल पंख असलेली माशी, काळं अंग आणि खुरटे पंख असलेली माशी, यांचा संकर केला, त्यातनं आलेल्या मादीचा काळ्या-खुरट्या नराशी टेस्ट क्रॉस केला, २३०० माशा निघाल्या. राखाडी-नॉर्मल ९६५, काळ्या-खुरट्या ९४४, राखाडी-खुरट्या २०६, काळ्या-नॉर्मल १८५. आता इथं थांब, फॉर्म्युला आठवत बसू नकोस, एकच प्रश्न विचार, अंगाचा रंग आणि पंख ठरवणारे हे दोन जीन एकमेकांशी संबंध न ठेवता वाटले गेले असते तर काय आलं असतं? चारी गट सारखे, प्रत्येकी ५७५ च्या आसपास. तसं आलं नाही. आजी-आजोबांसारख्या दिसणाऱ्या माशा ढिगानं आल्या आणि अदलाबदल झालेल्या थोड्या, म्हणजे दोन्ही जीन एकाच क्रोमोसोमवर, पेशीतल्या जीन वाहणाऱ्या एकाच धाग्यावर, बसलेत, जोडीनं जातात, यालाच लिंकेज म्हणतात, आणि कधीतरी क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे धाग्यांच्या तुकड्यांची अदलाबदल, होऊन सुटतात. सुटलेल्या किती, २०६ आणि १८५ मिळून ३९१. भागिले २३००, गुणिले शंभर, सतरा. दोन जीनमधलं अंतर १७ मॅप युनिट. शेकडेवारी तू प्राथमिक शाळेतच शिकलीस की. अडतं ते आकडा कुठला घ्यायचा आणि का, इथं, आणि ते पाठ करून येत नाही, पेन्सिल घेऊन चुकत चुकत येतं.

आणि ही अंतर मोजायची युक्ती काढली कुणी माहितीय का? आल्फ्रेड स्टर्टेव्हंट, मॉर्गनच्या लॅबमधला पदवीचाच विद्यार्थी, तुझ्याच वयाचा. १९११ साली त्यानं लॅबमधले मोजून ठेवलेले आकडे घरी नेले, त्या रात्री कॉलेजचा नेमून दिलेला अभ्यास तसाच ठेवला आणि सकाळपर्यंत एक्स क्रोमोसोमवरच्या जीन्सचा पहिला नकाशा काढला, १९१३ ला तो छापून आला. मी हे दरवर्षी वर्गात सांगायचे, कारण मुलांना वाटतं असलं काही करायला आधी डॉक्टरेट लागते. त्याच्याकडं होते आकडे, कागद आणि एक रात्र.

इंग्लिशचं. जेनेटिक्समधे भाषा कमी आणि शब्द ठरलेले. अलील, लोकस, डॉमिनंट, रिसेसिव्ह, जीनोटाइप, फीनोटाइप, हे आणि असे चाळीस-पन्नास शब्द पक्के झाले की पुस्तक उघडतं. प्रॉब्लेम इंग्लिशमधे वाच, खाली आपल्या मराठीत दोन ओळींत लिही की कोण कुणाशी लावलंय, काय दिलंय, काय विचारलंय, मग सोडव. एसटीत शेजारी मैत्रीण असेल तर तिला तोंडी सांग, जिथं अडखळशील तिथं तुला कळलेलं नसतं, हे मी शेकडो मुलांत बघितलंय. इंग्लिश मीडियमवाली पोरं बऱ्याचदा वाक्य फाडफाड वाचतात आणि प्रश्न काय आहे तेच निसटतं, तुला सावकाश वाचायची सवय आहे ती इथं कामाला येते.

आता वडील. त्यांना विचार रानात ऊस कुठला आहे, बहुतेक ८६०३२ नाहीतर २६५ सांगतील. मग त्यांना सांग की को ८६०३२ मधलं को म्हणजे कोइमतूर, तिथं १९१२ ला ऊस पैदास केंद्र सुरू झालं आणि तिथल्या को २०५ पासून जाड गोड ऊस आणि रानटी गवतासारखा काटक ऊस यांचा संकर करून वाण काढायचं काम उभं राहिलं. कांद्याचे क्रोमोसोम १६, माणसाचे ४६, आणि आजच्या उसाच्या वाणांत शंभराच्या वर! इतकं गुंतागुंतीचं पीक आपल्या दारात आहे आणि आपली मुलं पुस्तकातल्या मेंडेलच्या वाटाण्यावर थांबतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपण बी पेरत नाही, बेणं लावतो, म्हणजे अख्खं रान एकाच उसाची नक्कल, गोडी टिकते ती त्यामुळंच आणि रोग आला की सगळ्याला एकदम लागतो तोही त्यामुळंच, उत्तर प्रदेशात को ०२३८ सगळीकडं पसरला आणि मग लाल कूज या रोगानं पकडला. त्याच कोइमतूरच्या केंद्रात जानकी अम्मल यांनी उसाच्या क्रोमोसोमवर काम केलं, केरळमधल्या तेल्लिचेरीच्या, जन्म १८९७, पुढं १९४५ मधे ब्रिटिश शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या झाडांच्या क्रोमोसोमचा ॲटलास काढला. त्या काळात एकटी बाई हे करत होती. हे आईलाही वाचून दाखव.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, तिला काळजी आहे. पण तीन वर्षांची डिग्री चौथं घेतल्यानं जात नाही, ती तुझ्या हातात राहतेच, एक वर्ष माग, स्पष्ट शब्दांत माग, आणि त्या वर्षात काय करणार ते कागदावर लिहून दे. पैशाची अडचण असेल तर पुढं विद्यापीठात कमवा आणि शिका आहे, त्यातनं शिकून उभी राहिलेली कितीतरी मुलं या जिल्ह्यात आहेत.

पण सर म्हणाले म्हणून घेऊ नकोस. पुढचे पंधरा दिवस रोज एक प्रॉब्लेम सोडव, मागची उत्तरं न बघता, मग ताडून बघ. चुकल्यावर कुठं चुकलं ते शोधल्याशिवाय चैन पडत नसेल तर डोळे झाकून घे. चुकल्यावर नुसतं कधी एकदा संपतंय असं होत असेल तर घेऊ नकोस, फिजिऑलॉजी आहे, टॅक्सॉनॉमी आहे, सह्याद्री उशाला असताना टॅक्सॉनॉमी घेणं हे काही कमीपणाचं नाही.

माझं एक सांगते. मी शिकत होते तेव्हा आमच्या टेबलाला सहा मुली आणि एक मायक्रोस्कोप, कांद्याच्या मुळाची स्लाइड करायची आणि माझी पाळी येईस्तोवर तास संपायचा, वर्षभर मी जर्नलमधे मेटाफेजची, म्हणजे पेशी विभागताना क्रोमोसोम स्पष्ट दिसतात त्या अवस्थेची, आकृती पुस्तकात बघून काढली. पुढं पोस्ट ग्रॅज्युएशनला एका सकाळी स्वतः मुळं कापली, फिक्स केली, दुसऱ्या दिवशी ॲसिडमधे गरम करून रंगवली, अंगठ्यानं दाबली, आणि एका पेशीत सोळा सुटेसुटे क्रोमोसोम दिसले. तीनदा मोजले. तोवर मी नुसतीच पास होत आलेले. म्हणून तुला सांगते, कॉलेजला आधी विचार की ऑनर्सला प्रॅक्टिकल किती तास आहेत आणि एका मायक्रोस्कोपला किती जणं, सिलॅबस नंतर बघ.

प्रश्न: माझा मुलगा झुऑलॉजीला आहे. हे ऑनर्स म्हणजे नक्की काय, चौथ्या वर्षानं काय जास्तीचं मिळतं आणि नाही केलं तर काही अडतं का? मला कुणी नीट सांगत नाही. — एक वडील, इचलकरंजी

उत्तर: दादा, थोडक्यात सांगते. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षं केली की नेहमीची डिग्री, चौथं केलं की ऑनर्सची डिग्री. चौथ्यात दोन वाटा आहेत, एक साधं ऑनर्स आणि दुसरी रिसर्चसह, रिसर्चवाल्या वाटेला पहिल्या सहा सेमिस्टरमधे ७५ टक्के लागतात आणि त्यात मुलाला स्वतःचा प्रोजेक्ट करून प्रबंध लिहायला लागतो. चार वर्षं केलेल्याला पुढं एमएस्सी एका वर्षात करता येते, तीनवाल्याला दोन वर्षं, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच भरतात. ७५ टक्के असतील तर चार वर्षांच्या डिग्रीवर नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडीची वाटही उघडी आहे. नाही केलं तर काही अडत नाही, तीन वर्षांवरही एमएस्सीला जाता येतं, बायोटेककडं जायचं असेल तर जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देता येतात, आणि दोन्हीत जेनेटिक्स येतंच. कॉलेजला एवढं मात्र लेखी विचारून घ्या की सर्टिफिकेटवर विषय झुऑलॉजी लिहून येणार का जेनेटिक्स, कारण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मेजर विषयाचंच नाव असतं आणि पोरं घरी वेगळंच सांगतात.

प्रश्न: मॅडम, आमच्या ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, प्रॅक्टिकलमधे दुसऱ्या पिढीत नॉर्मल आणि खुरट्या पंखांचं प्रमाण ३:१ यायला पाहिजे होतं, आलं नाही. नॉर्मल पंखाच्या १५२ आणि खुरट्या पंखाच्या ३१. बाराव्या दिवशी मोजून बाटली धुतली. मित्र म्हणतात १३७ आणि ४६ लिही, बाहेरचे परीक्षक, एक्स्टर्नल, काही बघायला येत नाहीत. लिहू का?

उत्तर: लिहू नको. हे मी रागानं सांगत नाही, पण ठाम सांगते.

आधी तुझे आकडे खरंच वेगळे आहेत का ते बघू. एकूण १८३, तीनास एक प्रमाणं यायला पाहिजेत १३७.२५ आणि ४५.७५, फरक १४.७५. त्याचा वर्ग २१७.५६, तो दोन्ही अपेक्षित आकड्यांनी भागून बेरीज केली की 'काय-स्क्वेअर' (χ², मोजणी अपेक्षेपासून किती लांब गेली त्याचं माप) येतो ६.३४. गट दोनच म्हणून एक डिग्री ऑफ फ्रीडम, तिला पाच टक्क्यांची मर्यादा ३.८४, त्यावर गेलं की योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. म्हणजे हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही, काहीतरी झालंय. आणि काय झालं ते तुझ्याच वाक्यात आहे, बाराव्या दिवशी बाटली धुतली. खुरट्या पंखाच्या माशा अशक्त असतात, कोषातनं उशिरा निघतात, निघाल्या तरी उडता येत नाही म्हणून ओल्या मीडियात, म्हणजे बाटलीतल्या खाद्यात, चिकटून मरतात. नॉर्मलवाल्या आधी आल्या त्या तू मोजल्यास, मागनं येणाऱ्या नळाखाली गेल्या. पंचवीस डिग्रीला साधारण दहाव्या दिवसापासून माशा निघतात, तिथनं आठवडाभर रोज मोजायचं, मोजलेल्या काढून टाकायच्या, चिकटून मेलेल्याही मोजायच्या, आणि त्यानंतर थांबायचं कारण मग पुढची पिढी मिसळायला लागते. आई-बाप माशा आठवड्याच्या आत काढल्या होत्यास ना? त्या राहिल्या तर त्याही तुझ्या मोजणीत येतात, आणि त्या सगळ्या नॉर्मल पंखाच्या.

अजून एक तपास. सुरुवातीच्या क्रॉसला मादी व्हर्जिन घेतली होतीस का, म्हणजे कोषातनं निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळी केलेली? खुरट्या पंखाची मादी घेतली असशील आणि पहिल्याच पिढीत खुरट्या पंखाची एक जरी माशी दिसली असेल तर ती मादी आधीच लागलेली होती, ती बाटली बाद.

बाटलीला बुरशी येते असंही कुणीतरी मागच्या वेळी विचारलेलं, त्याचं इथंच सांगते. रवा, गूळ आणि अगर घालून शिजवलेला मीडिया, थोडा गार झाला की प्रोपिओनिक ॲसिड, ते घालायला विसरलं की बुरशी आलीच. बाटल्या उकळून कोरड्या करा, कापसाचा बोळा घट्ट. आणि एप्रिल-मे मधे कोल्हापूरच्या पत्र्याच्या लॅबमधे क्रॉस लावू नका, पारा तीसच्या वर सलग राहिला की नर नापीक होतात आणि तुम्ही नुसतीच वाट बघत बसता. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

आता खोट्या आकड्यांचं. जेनेटिक्सचा पाया घालणाऱ्या खुद्द मेंडेलनं वाटाण्यात गोल ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० मोजले, ते २.९६ ला १ येतं, बरोब्बर तीन नाही. तरीसुद्धा १९३६ मधे फिशर या संख्याशास्त्रज्ञानं त्याचे सगळे आकडे एकत्र तपासून म्हटलं की हे अपेक्षेच्या जास्तच जवळ आहेत, आणि तो वाद पुढं कित्येक वर्षं चालला. म्हणजे आकडे फार देखणे आले तरी माणसं शंका घेतात. तू १५२ आणि ३१ तसंच लिही, काय-स्क्वेअर लिही, खाली कारण लिही. मी एक्स्टर्नल म्हणून जायचे तेव्हा असं एखादं जर्नल मिळालं की त्या मुलाला ओरलला मुद्दाम जास्त वेळ द्यायचे, कारण तिथं बोलण्यासारखं काहीतरी असायचं.

प्रश्न: माझी मुलगी जेनेटिक्स शिकते. प्रॅक्टिकलसाठी घरातली वंशावळ काढली, माझं लग्न माझ्या आतेभावाशी झालंय म्हणून आमच्या दोघांच्या मधे दोन रेघा मारल्या. सासूबाईंना राग आला, घरातलं बाहेर कशाला नेतीस म्हणाल्या. मला तिन्ही मुली, त्यावरून मी खूप ऐकून घेतलंय. मुलगी म्हणते त्यात आईचं काहीच नसतं. खरं आहे का? आणि आमच्या लग्नात काही चूक झाली का? — एक आई, राधानगरी तालुका

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी बरोबर सांगतेय, शंभर टक्के. आईकडून प्रत्येक मुलाला एक्स क्रोमोसोमच जातो, तिच्याकडं दुसरा असतच नाही. वडलांकडून एक्स गेला तर मुलगी, वाय गेला तर मुलगा. १९०५ मधे नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्याच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून हे दाखवून दिलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली आणि तरी आपल्याकडं घराघरात सुनेलाच बोलतात. यात तुमच्या नवऱ्याचाही दोष नाही बरं, कुठला क्रोमोसोम जाणार ते कुणाच्या हातात नसतं, प्रत्येक वेळी साधारण निम्मं-निम्मं, आधी दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलगा व्हायची शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही.

लग्नाचं. दोन रेघा ही खूण आहे, नात्यातल्या लग्नाला पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीच्या आकृतीत, जगभर तशाच मारतात, त्यात ठपका नाही. आपल्या भागात मामाची मुलगी, आतेभाऊ ही लग्नं पिढ्यानपिढ्या झालीत, तुम्ही काही वेगळं केलं नाही. शास्त्र एवढंच सांगतं की सख्ख्या आते-मामे भावंडांचे सरासरी एक अष्टमांश जीन एकाच आजी-आजोबांकडून आलेले असतात, त्यामुळं घराण्यात आजाराचा एखादा लपलेला रिसेसिव्ह जीन, म्हणजे दोन प्रती आल्या तरच दिसणारा, असला तर तो दोघांकडंही असायची शक्यता परक्यांपेक्षा जास्त. दोघेही वाहक, म्हणजे त्या जीनची एकच प्रत बाळगणारे, असले तर प्रत्येक मुलाला तो आजार व्हायची शक्यता चारात एक. एरवी कुठल्याही जोडप्याला बाळात जन्मजात दोष असायचा धोका दोन-तीन टक्के असतो, नात्यातल्या लग्नात त्यात साधारण तेवढीच भर पडते, म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच होतात. तुमच्या मुली ठीक आहेत तर जुनं मनात उगाळू नका.

एका बाबतीत मात्र मी सासूबाईंच्या बाजूची आहे. वंशावळ ही नातेवाइकांची खाजगी गोष्ट आहे, कुणाचं मूल गेलं, कुणाला फिट येतात, कुणाला मूल झालं नाही, हे जर्नलमधे नावानिशी जाता कामा नये. मुलीला सांगा ज्यांची माहिती लिहितेस त्यांना आधी विचार, आणि नाव लिहूच नकोस, पेडिग्रीत पिढीला रोमन आकडा आणि माणसाला नंबर असतो तो एवढ्यासाठीच वापर. हे तिला कॉलेजनंच आधी सांगायला पाहिजे होतं.

आणि पुढं घरात पुन्हा आते-मामे भावंडांचं ठरत असेल तर साखरपुड्याच्या आधी दोघांचं रक्त थॅलसेमिया मायनरसाठी, म्हणजे थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक आहे का यासाठी, तपासून घ्या, एचबी ए-टू ची टेस्ट म्हणायचं, एकदाच करायला लागते. वाहक माणूस स्वतः एकदम ठणठणीत असतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगायला जाऊ नका, नातीलाच एखाद्या दुपारी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसू दे, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि सगळ्यात वरच्या ओळीत आधी सासूबाईंच्या आई-वडलांना काढायला सांगा.